‘करून पाहिजे’ इंग्रजीत कसं लिहायचं

‘आय वॉन्ट टु करेक्ट माय नेम ऑन द मार्क्स कार्ड.’ दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव चुकलं की अर्जात हे वाक्य हमखास येतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘माझं नाव दुरुस्त करून पाहिजे.’ पण वाक्याचा अर्थ होतो, ‘मार्क्स कार्डावरचं नाव मला स्वतः दुरुस्त करायचं आहे.’ म्हणजे खाडाखोड मीच करणार. वाचणारा समजून घेतो हे खरं, पण परीक्षेत गुण जातात आणि कागदावर चुकीचं म्हणणं राहतं ते राहतंच.

घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि अर्ज इंग्रजीत, अशी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांची रीत आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, आणि तो हक्क वापरावाच. इंग्रजीत लिहायचं ठरलं तर मात्र ‘वॉन्ट’ लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारा: काम कोण करणार?

मीच करणार असेन तर मराठीत ‘करायचं आहे’ येतं आणि इंग्रजीत ‘टु करेक्ट’. दुसऱ्याने करायचं असेल तर मराठीत ‘करून पाहिजे’, ‘झालेलं पाहिजे’ किंवा ‘व्हावं’ येतं, आणि इंग्रजीत ‘टु बी’ लावून क्रियापदाचं तिसरं रूप: ‘टु बी करेक्टेड’. यालाच पॅसिव्ह इन्फिनिटिव्ह म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा मराठी वाक्याचा शेवट ऐका. मराठी बोलणारा माणूस ‘करायचं आहे’ आणि ‘करून पाहिजे’ यांत सहसा गोंधळत नाही, म्हणून ही परीक्षा बहुतेक ठिकाणी पक्की आहे.

आता वाक्य बांधू. कामाचा परिणाम कोणावर होतो ते आधी पाहा. माझ्यावरच होत असेल तर मधे काही घालायचं नाही. ‘मला कळवलं जावं’: ‘आय वॉन्ट टु बी इन्फॉर्म्ड.’ ‘तिला मुलाखतीला बोलावलं जावं अशी तिची इच्छा आहे’: ‘शी वॉन्ट्स टु बी कॉल्ड फॉर द इंटरव्ह्यू.’ परिणाम दुसऱ्या वस्तूवर किंवा माणसावर होत असेल तर ते नाव ‘वॉन्ट’ आणि ‘टु बी’ यांच्या मधे बसतं: ‘आय वॉन्ट माय नेम टु बी करेक्टेड.’

एक वाक्य सावकाश उलगडून पाहू. ‘मुलीचा दाखला २० तारखेच्या आत इंग्रजीत भाषांतर करून पाहिजे.’ काम भाषांतराचं, म्हणजे ‘ट्रान्सलेट’. करणारा दुसरा, म्हणून ‘टु बी ट्रान्सलेटेड’. परिणाम दाखल्यावर, म्हणून ‘माय डॉटर्स सर्टिफिकेट’ मधे. अर्जात ‘वॉन्ट’ जरा हुकमी वाटतं, म्हणून ‘वुड लाइक’. जोडलं की झालं: ‘आय वुड लाइक माय डॉटर्स सर्टिफिकेट टु बी ट्रान्सलेटेड इंटु इंग्लिश बाय द ट्वेंटिएथ.’ इथलं ‘बाय’ मुदत सांगतं. ‘बाय द क्लार्क’ लिहिलं तर तेच ‘बाय’ करणारा सांगतं. कोण करणार हे महत्त्वाचं नसेल तर करणाऱ्याचं नाव गाळा. पॅसिव्हची सोय त्यासाठीच आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे: ‘आय वॉन्ट माय नेम शुड बी करेक्टेड.’ तिचं मूळ आपल्या ‘पाहिजे’त आहे. ‘मला चहा पाहिजे’ यातलं पाहिजे म्हणजे वॉन्ट. ‘वेळेवर यायला पाहिजे’ यातलं पाहिजे म्हणजे शुड. एकाच शब्दात दोन्ही अर्थ असल्याने इंग्रजी लिहिताना दोन्ही शब्द उतरतात. दोन्हींतला एकच ठेवा: ‘आय वॉन्ट माय नेम टु बी करेक्टेड’ किंवा ‘माय नेम शुड बी करेक्टेड.’ ‘मला वाटतं की...’ या वळणावर बेतलेलं ‘आय वॉन्ट दॅट...’ हेही चूकच. ‘वॉन्ट’नंतर ‘की’ या अर्थाचं ‘दॅट’ येत नाही.

दुसरी चूक ‘बी’ गळण्याची: ‘आय वॉन्ट माय नेम टु करेक्टेड.’ इथला नियम सोपा आहे. ‘टु बी’ ठेवायचं तर दोन्ही शब्द ठेवा, गाळायचं तर दोन्ही गाळा. ‘आय वॉन्ट माय नेम करेक्टेड’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे, आणि ‘नाव दुरुस्त केलेलं पाहिजे’ याच्याशी शब्दाला शब्द जुळतं. ‘वॉन्ट’, ‘नीड’ आणि ‘वुड लाइक’ या तिघांसोबत असं गाळता येतं: ‘आय नीड दीज कॉपीज अटेस्टेड बाय टुमॉरो.’ मधे नाव असेल तरच हे चालतं. ‘आय वॉन्ट इन्फॉर्म्ड’ असं होत नाही.

तिसऱ्या रूपाच्या शेवटचा ‘ड’ बोलताना ऐकू येत नाही आणि मग लिहितानाही सुटतो. ‘वी वॉन्ट द ड्रेन टु बी क्लीन’ म्हणजे गटार स्वच्छ असावं. ‘टु बी क्लीन्ड’ म्हणजे ते कोणीतरी साफ करावं. तक्रारअर्जात आपल्याला दुसरं म्हणायचं असतं. ‘राइट’चं ‘रिटन’, ‘सेंड’चं ‘सेंट’, ‘बिल्ड’चं ‘बिल्ट’ अशी तिसरी रूपं वेगळी पाठ करावी लागतात. ‘टु बी रोट’ हे दुसरं रूप लावल्याने होतं. इच्छा भूतकाळातली असली तरी ‘बी’ बदलत नाही: ‘ही वॉन्टेड टु बी ट्रान्सफर्ड टु खानापूर.’

कन्नडचाही इथे हात आहे. ‘केलस आगबेकु’ आणि ‘काम व्हायला पाहिजे’ यांचा साचा एकच. दोन्ही भाषा बोलताना कर्मणी टाळून ‘होणे’ वापरतात. त्यामुळे आपल्याकडची मुलं ‘आय वॉन्ट द वर्क टु हॅपन’ लिहितात. ‘हॅपन’ म्हणजे घडणं. दुसऱ्याकडून काम करून हवं असेल तर ‘टु बी डन’. याच्या उलट, ज्या क्रियापदाला कर्मच नाही त्याला ‘टु बी’ जोडू नका. ‘आय वॉन्ट द बस टु बी कम ऑन टाइम’ चूक, ‘टु कम ऑन टाइम’ बरोबर. बस स्वतः येते, तिला कोणी ‘येत’ नाही. ‘अराइव्ह’, ‘डिसअपिअर’, ‘हॅपन’ यांचंही तसंच.

इच्छेची सगळी क्रियापदं मात्र एका मापाची नाहीत. ‘एक्स्पेक्ट’ हे ‘वॉन्ट’सारखं चालतं: ‘वी एक्स्पेक्ट द रोड टु बी रिपेअर्ड बिफोर द रेन्स.’ ‘विश’ औपचारिक आहे, अर्जात शोभतं: ‘आय विश टु बी इन्फॉर्म्ड ऑफ द डिसिजन.’ ‘होप’ आडमुठं. स्वतःसाठी ‘आय होप टु बी सिलेक्टेड’ चालतं, पण मधे नाव आलं की ‘आय होप माय अॅप्लिकेशन टु बी अॅक्सेप्टेड’ चालत नाही. तिथे ‘आय होप माय अॅप्लिकेशन विल बी अॅक्सेप्टेड’ लिहा. ‘रिक्वेस्ट’ला ‘दॅट’ आणि नुसतं ‘बी’ लागतं: ‘आय रिक्वेस्ट दॅट माय नेम बी करेक्टेड.’ ‘वॉन्ट’ला जे वर्ज्य, ते इथे आवश्यक. म्हणून या दोन क्रियापदांची वाक्यं एकाखाली एक लिहून पाठ करावीत.

‘नको’साठी नकार ‘वॉन्ट’च्या आधी घ्या. ‘माझं नाव छापलं जायला नको’: ‘आय डोन्ट वॉन्ट माय नेम टु बी प्रिंटेड.’

‘करायचं आहे’ बोलून ‘करवून घ्यायचं आहे’ म्हणायचं असतं, अशीही एक जागा आहे. ‘मला केस कापायचे आहेत’ असं म्हणून आपण न्हाव्याकडे जातो, आणि ‘आय वॉन्ट टु कट माय हेअर’ लिहून मोकळे होतो. त्याचा अर्थ कात्री माझ्या हातात. इथे ‘आय वॉन्ट टु गेट माय हेअर कट’ लिहा. रक्त तपासणं, पासपोर्टचं नूतनीकरण यांनाही हेच लागू: ‘टु गेट माय ब्लड टेस्टेड’, ‘टु गेट माय पासपोर्ट रिन्यूड’.

सरावाला चार वाक्यं घ्या, उत्तर झाकून आधी स्वतः लिहा. ‘आमचं म्हणणं ऐकून घेतलं जावं’: ‘वी वॉन्ट टु बी हर्ड.’ ‘पहाणीत (म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात) वडिलांचं नाव घालून पाहिजे’: ‘आय वॉन्ट माय फादर्स नेम टु बी एंटर्ड इन द पहाणी.’ १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं सरकारी नाव बदललं, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर बेलगाम आणि नव्यांवर बेळगावी. ‘दोन्ही नावं एकाच गावाची धरली जावीत’: ‘आय वुड लाइक बोथ नेम्स टु बी ट्रीटेड अॅज द सेम प्लेस.’ आणि ‘सूचना मराठीतही लावलेल्या पाहिजेत’: ‘वी वॉन्ट द नोटिसेस टु बी पुट अप इन मराठी टू.’ यातलं ‘पुट’ तिसरं रूप आहे. ते पहिल्यासारखंच दिसतं म्हणून ‘पुटेड’ करू नका.