टोमॅटोला आधार देताना या चुका टाळा

दरवर्षी परतीचा पाऊस सुरू झाला की ओळखीच्या परसबागांतून एकसारखेच निरोप येऊ लागतात. काठीसकट झाड आडवे झाले आहे, हिरवी फळे चिखलात लोळत आहेत, आता काय करावे? त्या वेळी करण्यासारखे फारसे उरलेले नसते, कारण चूक जुलैमध्ये, रोप वीतभर असतानाच झालेली असते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे काठी वरवर खोचणे. नुकताच खणून शेणखत घातलेला वाफा इतका भुसभुशीत असतो की बांबू हाताने दाबला तरी बऱ्यापैकी आत जातो आणि तो पक्का बसला असे वाटते. प्रत्यक्षात तो खणलेल्या सैल थरातच उभा असतो. खालच्या न हललेल्या जमिनीला त्याचे टोक पोचलेलेच नसते. कोरड्या दिवसांत हे लक्षात येत नाही. काळी माती दोन दिवसांच्या पावसाने लोण्यासारखी मऊ झाली आणि वर फळांचा व भिजलेल्या पानांचा भार आला, की मग ते कळते.

हा धडा मी स्वतः नुकसान सोसून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी परसात २० फुटांच्या ओळीत मी १० झाडे लावली होती. दर ५ फुटांवर एक बांबू, त्यांना आडव्या तीन कामट्या, अशी सरळ ताटी उभी केली होती आणि प्रत्येक झाड तिला नीट बांधले होते. हस्ताच्या पावसात एका संध्याकाळी अर्धा तास वारा सुटला. सगळी ओळ एकमेकांना बांधलेली असल्यामुळे ती एकेक करून न पडता शिडासारखी एकदम आडवी झाली. सकाळी पाहिले तर एकही बांबू मोडलेला नव्हता, एकही गाठ सुटलेली नव्हती. उपटून आलेल्या प्रत्येक बांबूच्या टोकाला चिखलाची रेघ मात्र वितीहून जेमतेम चार बोटे वर होती. तेवढीच त्याची जमिनीतली खोली. १० पैकी ७ झाडे बुडख्याशी पिचली होती. उरलेल्या तिघांची खोडे मी तशीच मातीत टेकवून वर भर घातली. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की तेथून नवी मुळे फुटतात, म्हणून ती जगली.

तेव्हापासून ७ ते ८ फुटांचा बांबू असेल तर पहारीने दीड ते दोन फूट खोल खड्डा केल्याशिवाय मी तो उभा करत नाही. बांबूचे खालचे टोक पेराच्या लगेच खाली तासावे, खड्ड्यात दगडांचे तुकडे टाकावेत आणि माती थोडी थोडी घालून प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठासावा. मग बांबूला खांद्याने जोर लावून पाहावा; बुडाशी माती हलताना दिसली तर काम झालेले नाही. हे सगळे लागवडीच्या आधी करायचे असते. रोप लावून महिना झाल्यावर पहार चालवली की आजूबाजूला पसरलेली मुळे तुटतात आणि झाड चार दिवस मान टाकते.

जुन्नर, नारायणगाव परिसरातील टोमॅटोचे फड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ओळीच्या दोन्ही टोकांचे जाड डांब बाहेरच्या बाजूला कललेले आणि तारेच्या ताणाने जमिनीतल्या खुंटीला बांधलेले आठवतील. मधल्या काठ्या ओळीवरून ओढलेल्या आडव्या तारेला केवळ उचलून धरतात. खरा ओढा टोकांचे डांब पेलतात. परसबागेत ओळ १० फुटांची असली तरी हा ताण सोडू नये. मी तर आता सरळ ताटी करतच नाही. दोन बांबू समोरासमोर तिरके रोवून माथ्याशी कैचीसारखे बांधते, अशा कैच्या दर ४ फुटांवर उभ्या करते आणि त्यांच्या माथ्यावरून एक आडवा बांबू टाकते. वळवाचा किंवा परतीचा वारा कोणत्याही दिशेने आला तरी एक पाय त्याला अडवायला उभा असतो. एकट्यादुकट्या झाडाला तीन बांबूंचे तिकाटणे पुरते.

माझा दुसरा राग नायलॉनच्या दोरीवर आणि बांधकामाच्या बारीक तारेवर आहे. ती हाताशी असते, पटकन बांधून होते, म्हणून घाईच्या माणसाला ती आवडते. लागवडीनंतर तीन आठवड्यांनी पेन्सिलीएवढे असलेले खोड दोन महिन्यांत अंगठ्याएवढे होते, दोरी मात्र तेवढीच राहते. एकदा एका शेजारणीचे झाड पिवळे पडले म्हणून मी पाहायला गेले. दोरी सालीत इतकी रुतली होती की वरून ती दिसतच नव्हती. तिच्या वरचा भाग गाठीसारखा फुगला होता आणि खालचा बारीक राहिला होता. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते, ती वाटच तेथे आवळली गेली होती. दोरी काढायला बोट लावले आणि खोड त्याच जागी कट्‌कन मोडले.

बांधणीसाठी जुन्या सुती साडीच्या दोन बोटे रुंद पट्ट्या मला सर्वांत चांगल्या वाटतात. त्या नसतील तर जाड सुतळी घ्यावी. आधी काठीला घट्ट वेढा द्यावा म्हणजे बांधणी खाली घसरत नाही. मग मध्ये पीळ घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दुसरा वेढा खोडाभोवती घ्यावा आणि त्यात करंगळी सहज फिरेल एवढी जागा ठेवावी. वेढा पानाच्या देठाखाली यावा, फळांच्या घोसाखाली येऊ नये. दर आठ-दहा दिवसांनी नवी बांधणी करताना जुन्या वेढ्यांवरून एकदा हात फिरवावा. तेवढा वेळ नसेल तर झाडेच कमी लावावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारात मिळणारे तारेचे गोल पिंजरे बुटक्या, झुडपासारख्या वाढणाऱ्या वाणांना चालतात. शेंडा वाढतच राहणाऱ्या वाणाला ते पुरत नाहीत, कारण तो सहा फुटांच्याही वर जातो. बियाण्याच्या पाकिटावर वाढीचा प्रकार आधी वाचावा. बुटक्या वाणाच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारे फुटवे, काढू नयेत, फळे त्यांच्यावरच येतात.

गच्चीवरच्या कुंडीत एकच काठी खोचून भागत नाही; तिचे वरचे टोक कठड्याला किंवा खिडकीच्या गजाला बांधावे.

कोवळा, पोकळ बांबू स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. मेस किंवा माणगा यांसारखा भरीव बांबू घ्यावा. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्टाचा अंश जास्त असल्याने त्याला भुंगा लवकर लागतो आणि बुडाशी पिठासारखा भुसा पडू लागतो. थंडीत तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून आणि जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासून वापरला, तर तो अनेक हंगाम टिकतो.

हंगाम संपल्यावर वाळलेल्या वेली काठ्यांवर तशाच लटकत ठेवू नयेत. करपा आलेला असेल तर रोगाचे अवशेष त्या पालापाचोळ्यात आणि जुन्या सुतळीत तग धरतात. सुतळ्या जाळाव्यात, बांबू घासून धुवावेत, दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवावेत आणि पुढच्या वर्षी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा नसलेल्या वाफ्यावर, म्हणजे वालाच्या किंवा दोडक्याच्या वेलासाठी, वापरावेत.