आपला खासदार महागाईवर बोलतो तसा वागतो का, हे घरबसल्या कसं तपासायचं

नवीन सिलिंडर लावला की आमची आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते आणि बाजूला बारीक अक्षरात किंमत लिहिते, वर्षानुवर्षं चाललंय हे, जुनी कॅलेंडरं पण तिने टाकलेली नाहीत. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी आमच्याकडे एका सभेत उमेदवार म्हणाले की महागाईसाठी मी संसदेत कायम आवाज उठवलाय. ऐकून बरं वाटलं, पण घरी आल्यावर म्हटलं बघूया तरी नेमका कधी उठवला ते, आणि आईची कॅलेंडरं एका बाजूला नि मोबाइलवर संसदेची वेबसाइट दुसऱ्या बाजूला असं घेऊन बसलो. दोन-तीन रात्री गेल्या पण जमलं. कुणालाही जमेल, फक्त कुठे बघायचं आणि काय शोधायचं ते माहीत पाहिजे, म्हणून सगळं इथे लिहितोय.

आधी हे लिहा की कुठला दर कुणाच्या हातात आहे

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग भलत्या माणसाला भलत्या गोष्टीसाठी धरतात. एका कागदावर घरचे पाच-सहा खर्च लिहा, गॅस, पेट्रोल, किराणा, वीज, कांदा, आणि प्रत्येकापुढे तो दर ठरवतो कोण हे लिहा.

गॅसचं बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये घरगुती सिलिंडर २०० रुपयांनी उतरला, मार्च २०२४ मध्ये अजून १०० ने, मग एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढले. आईच्या कॅलेंडरवर हे तिन्ही बदल दिसतात, पण संसदेत यातल्या एकावरही मतदान झालेलं नाही, केंद्राच्या पातळीवर निर्णय झाला, जाहीर झाला, लगेच लागू. पेट्रोलचा दर २०१० पासून आणि डिझेलचा २०१४ पासून तेल कंपन्या ठरवतात, त्यावर केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट चढतो. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरची एक्साइज लिटरमागे ८ रुपयांनी कमी केली, जुलैमध्ये राज्य सरकारने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केलं, दोन्ही सरकारी निर्णय. विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यासाठी जाहीर सुनावणी घेतो, तिथे ग्राहक म्हणून तुम्हीसुद्धा हरकत नोंदवू शकता.

पॅकबंद पिठाचं तर अजून वेगळं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-पिठावर आणि पॅकबंद दह्यावर ५ टक्के जीएसटी लागला, तो ठरला जीएसटी परिषदेत, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या बैठकीत. त्या परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णय व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र एकटं काही करू शकत नाही आणि राज्यंही एकटी करू शकत नाहीत. त्यामुळे कुठल्याही पक्षाचा खासदार दह्यावरच्या टॅक्सविरुद्ध बोलत असेल तर आधी हे बघा की त्याच्या पक्षाचं ज्या राज्यात सरकार होतं तिथला मंत्री परिषदेत काय बोलला.

आणि कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ती उठली, सगळं अधिसूचना काढून. इथे मला एक मनापासून सांगायचंय, लासलगाव पट्ट्यातला खासदार निर्यातबंदीविरुद्ध ओरडला तर तो घरखर्च वाढवायला निघालाय असं लिहू नका. तिथल्या घराची कमाईच कांद्यावर आहे. मुंबईतल्या खासदाराकडून वेगळी अपेक्षा ठेवा आणि नाशिकच्या खासदाराकडून वेगळी.

मग खासदाराच्या हातात काय राहिलं? बरंच राहिलं. प्रश्न विचारणं, चर्चा मागणं, तातडीचे विषय मांडायच्या वेळेत म्हणजे शून्य प्रहरात किंवा लोकसभेच्या नियम ३७७ खाली मतदारसंघाचा विषय मांडणं, अर्थसंकल्पावर बोलणं आणि मत देणं, कपात सूचना आणणं. शोध इथे घ्यायचा.

मतदान शोधताना काय लक्षात ठेवायचं

संसदेच्या वेबसाइटवर सदस्यांच्या यादीत नाव शोधलं की त्यांचे प्रश्न, भाषणं, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) सगळं वेगवेगळं मिळतं. पण "या खासदाराने कशाच्या बाजूने मत दिलं" अशी तयार यादी मिळेल ही आशा सोडा. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, होय म्हणणारे होय म्हणतात, नाही म्हणणारे नाही म्हणतात, अध्यक्ष अंदाज घेऊन निकाल सांगतात आणि कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत शेतीची दोन विधेयकं अशीच पास झाली, विरोधक मतविभाजन, म्हणजे मतांची नोंदीसह मोजणी, मागत होते तरी. त्यामुळे आज कुणी म्हणालं की मी तेव्हा विरोधात मत दिलं, तर ते खरं असू शकतं पण कागदावर दाखवता येत नाही.

मतविभाजन झालं असेल तर मात्र सोनं हाती लागलं समजा. सदस्य आपल्या जागेवरचं बटण दाबतात आणि नंतर त्या दिवसाच्या कामकाजाच्या पीडीएफमध्ये कोण बाजूने आणि कोण विरोधात ते नावानिशी छापलं जातं. पीडीएफ शेकडो पानांची असते, घाबरू नका, आत खासदाराचं आडनाव सर्च करा. नाव दोन्हीकडे नसेल तर तिसरी शक्यता असते, गैरहजर किंवा सभात्याग, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती याच रिकाम्या जागेत असते.

याचं उदाहरण नीट बघा. २७ एप्रिल २०१०. पेट्रोल आणि खतांच्या दरवाढीवर विरोधकांनी लोकसभेत कपात सूचना आणल्या होत्या. कपात सूचना म्हणजे मंत्रालयाने मागितलेला पैसा कमी करा असा प्रस्ताव, तो पास झाला तर सरकारच अडचणीत, म्हणून त्याला एवढं महत्त्व. त्याच दिवशी डावे, समाजवादी पक्ष, राजद वगैरे पक्षांनी भाववाढीविरुद्ध देशभर बंद पुकारला होता. आणि आत मतदानाची वेळ आली तेव्हा सपा आणि राजदचे खासदार उठून बाहेर गेले, बसपाने सरकारला साथ दिली, सूचना २०१ विरुद्ध २८९ ने पडली. शिबू सोरेन तर झारखंडमध्ये भाजपच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री होते आणि लोकसभेत त्यांनी तेव्हाच्या काँग्रेस आघाडी सरकारच्या बाजूने मत दिलं, त्यावरून भाजपने पाठिंबा काढायचा पवित्रा घेतला. नुसत्या बातम्यांतली भाषणं वाचली असती तर हे सगळे एकाच बाजूचे वाटले असते. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातल्या परदेशी गुंतवणुकीवर पण तसंच झालं, सपा-बसपा लोकसभेत विरोधात बोलले आणि मतदानाआधी निघून गेले, गुंतवणुकीविरोधातला प्रस्ताव २१८ विरुद्ध २५३ ने पडला.

पण इथे व्हिपचा, म्हणजे मत कसं द्यायचं या पक्षाच्या आदेशाचा, विचार करावाच लागतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मुद्दाम गैरहजर राहिलं तर खासदारकी जाऊ शकते, पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तरच वाचते. म्हणून एकट्या मतावरून माणूस ओळखता येत नाही, मत बऱ्याचदा पक्षाचं असतं. राज्यसभा सदस्याचं रेकॉर्ड बघत असाल तर अजून एक, वित्त विधेयक (अर्थसंकल्पातल्या करांचं विधेयक) हे धन विधेयक असतं, त्यावर राज्यसभा फक्त १४ दिवसांत शिफारशी करू शकते, अडवू शकत नाही.

प्रश्न मात्र त्याचे स्वतःचे असतात

म्हणून मी जास्त वेळ प्रश्नांवर घालवला आणि तुम्हीही घालवा. प्रश्न विचारायला व्हिप लागत नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, ज्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि वर उपप्रश्न विचारता येतो, आणि २३० पर्यंत अतारांकित, ज्यांचं उत्तर लेखी येतं. तुमचा खासदार मंत्री असेल तर त्याचे प्रश्न शून्यच दिसणार आणि हजेरीही दिसणार नाही, कारण मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, तो दोष धरू नका.

प्रश्न मोजू नका, वाचा. पीआरएस नावाची संस्था खासदारांची हजेरी, चर्चा, प्रश्न यांचे आकडे राष्ट्रीय सरासरीसकट देते, सुरुवात करायला छान आहे, पण ५०० प्रश्नांत महागाईचे किती हे आपणच उघडून बघायचं. गॅस, स्वयंपाकाचा गॅस, खाद्यतेल, डाळ, औषधांच्या किमती, रेशन असे शब्द हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत टाकून शोधा, मराठीत सापडणार नाही. मग एकेक उघडा. काही प्रश्न असे असतात की सरकारने अमुकसाठी कोणती पावलं उचलली त्याचा तपशील द्यावा, त्यावर मंत्रालय योजनांची यादी छापून देतं आणि विषय संपतो. दुसरा प्रकार म्हणजे वर्ष, जिल्हा, आकडा मागणारा प्रश्न, त्यातून नवीन काहीतरी बाहेर येतं.

२०२२ च्या पावसाळी अधिवेशनात राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे यांनी गरीब घरांना गॅस जोडणी देणाऱ्या उज्ज्वला योजनेतल्या सिलिंडर भरण्याबद्दल विचारलं होतं. उत्तरात वर्षवार आकडे आले, एकदाही सिलिंडर न भरलेले लाभार्थी २०१७-१८ मध्ये ०.४६ कोटी, २०१८-१९ मध्ये १.२४ कोटी, २०१९-२० मध्ये १.४१ कोटी, २०२०-२१ मध्ये ०.१० कोटी आणि २०२१-२२ मध्ये ०.९२ कोटी. बेरीज ४.१३ कोटी. बातम्यांमध्ये आलं की ४.१३ कोटी लोकांनी कधीच सिलिंडर भरला नाही, पण हे दरवर्षीचे आकडे आहेत, एकच घर दोन वर्षांत दोनदा मोजलं गेलेलं असू शकतं. म्हणजे प्रश्न चांगला होता, उत्तरही कामाचं होतं, पण त्याचं भाषण करताना माणूस घसरू शकतो. तुमच्या खासदाराने असा आकडा वापरला असेल तर मूळ उत्तर उघडून बघाच.

बाहेरची वक्तव्यं आणि चार रकाने

आता वहीचं एक पान आडवं धरा आणि चार रकाने पाडा: तारीख, बाहेर काय बोलले, त्या अधिवेशनात सभागृहात काय केलं, आणि तेव्हा सरकार कुणाचं होतं. बाहेरच्या वक्तव्यासाठी पोस्टचा स्क्रीनशॉट काढा कारण पोस्ट उडतात, वर्तमानपत्रातलं अवतरण घेत असाल तर दोन पेपरमध्ये जुळतंय का बघा, आणि शक्य असेल तिथे पूर्ण व्हिडिओ ऐका, संसद टीव्हीवर सभागृहातली भाषणं असतात. कापलेली वीस सेकंदांची क्लिप वहीत घेऊ नका, मी घेतली होती आणि पूर्ण भाषण ऐकल्यावर खोडावी लागली, ते विरोधकाचं वाक्य सांगून त्याला उत्तर देत होते.

चौथा रकाना कंटाळा न करता भरा. कारण सगळ्यात स्पष्ट चित्र तिथे दिसतं, विरोधात असताना सिलिंडरवर दर महिन्याला बोलणारा माणूस सत्तेत आल्यावर दोन-दोन वर्षं त्या शब्दाला हात लावत नाही, किंवा उलट. आमच्याकडच्या त्या उमेदवाराचंही असंच निघालं, पाच वर्षांत घरगुती गॅसवर एकही प्रश्न नाही, खाद्यतेलावर एक अतारांकित, पण रेशन दुकानांवर मात्र अकरा प्रश्न आणि तेही जिल्ह्याचे आकडे मागणारे. हे अकरा मी मोठ्या अक्षरात लिहिले, कारण त्याने खरंच काम केलेलं होतं, फक्त सभेत सांगितलं ते वेगळंच.

रिकामे रकाने भरताना घाई नको. अधिवेशनं वर्षातून साधारण तीन असतात, मधल्या महिन्यांत सभागृहात कुणीच काही बोलू शकत नाही. आणि जुलै २०२२ मध्ये महागाईवरून फलक दाखवले म्हणून लोकसभेतले चार खासदार निलंबित झाले होते, १ ऑगस्टला निलंबन मागे घेतलं गेलं आणि त्याच दिवशी महागाईवर चर्चा झाली. असा कुणी असेल तर त्याची गैरहजेरी म्हणजे दांडी नाही.

आमदाराचं तपासायचं असेल तर विधानमंडळाच्या वेबसाइटवर तारांकित प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) आणि अर्धा तास चर्चा बघा, मराठीत आहे हा मोठा फायदा. तिथे पेट्रोलचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, एसटीचं भाडं असे राज्याचे विषय शोधा, सिलिंडरसाठी आमदाराला धरून उपयोग नाही.

पान भरलं की त्याचा फोटो काढून खासदाराच्या कार्यालयात पाठवा आणि सोबत विचारून घ्यावासा वाटणारा एकच प्रश्न लिहा, तुमच्या जिल्ह्याचा आकडा मागणारा. लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्या झाल्या पाठवा. मी पाठवलाय, आईनेच सांगितला तो, की आपल्या जिल्ह्यात वर्षाला चारपेक्षा कमी सिलिंडर घेणारी घरं किती.