दगड फोडण्याआधी त्याचा माथा लिहा

हिमालयातल्या माझ्या पहिल्या फील्डचे अकरा नमुने होते. त्यातले सात टाकून द्यावे लागले. दगड चांगले होते, थिन सेक्शनही (मायक्रोस्कोपखाली बघायचे दगडाचे पातळ काप) स्वच्छ निघाले होते. फक्त नमुन्याचा माथा, म्हणजे जागेवर असतानाची वरची बाजू, कुठली हे मी लिहून ठेवलं नव्हतं. पर्वतपट्टे कसे उभे राहतात आणि कसे कोसळतात यावर काम करायला निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय, कारण त्या चुकीपायी गेलेले दोन महिने आठवले की आजही पोटात खड्डा पडतो.

भारत आशियाला भिडला, कवच दुमडलं, जाड झालं, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं मात्र वर्गात घाईत उरकलं जातं. तिबेटचं पठार सरासरी ५,००० मीटर उंच आहे आणि त्याखालचं कवच काही ठिकाणी ७० किलोमीटरपर्यंत जाड आहे, म्हणजे नेहमीच्या खंडाच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्या जाड कवचात किरणोत्सारी मूलद्रव्यांची उष्णता कोंडते आणि त्याचा खालचा भाग मऊ पडतो. ही उंची टिकायला बाजूने रेटा लागतो. तो अपुरा पडला की सैल कणकेचा गोळा परातीत बसतो तसं पठार स्वतःच्या वजनाने पसरू लागतं, आणि वरचं ठिसूळ कवच ताणून तुटतं. तिबेटमधल्या उत्तर-दक्षिण खचदऱ्या या ताणाच्या खुणा आहेत. १९ जानेवारी १९७५ चा किन्नौरचा भूकंप आणि ७ जानेवारी २०२५ चा तिबेटमधल्या तिंगरीचा भूकंप, दोन्ही नॉर्मल फॉल्टवरचे, म्हणजे ताणाने वरचा खडक खाली घसरतो त्या भेगांवरचे. २०१५ चा नेपाळचा भूकंप मात्र थ्रस्टवरचा, म्हणजे दाबाने वरचा खडक वर चढतो त्या भेगेवरचा. पर्वताचा पायथा आजही दाबला जातोय आणि त्याच वेळी माथा ताणला जातोय. ‘आधी पर्वत बनतो, मग कोसळतो’ असा क्रम डोक्यात पक्का बसला असेल तर तो आधी काढून टाका.

आता माझी चूक. हिमालयात मेन सेंट्रल थ्रस्ट आणि साउथ तिबेटन डिटॅचमेंट (हा नॉर्मल फॉल्ट) या दोन मोठ्या भेगा साधारण समांतर धावतात. दोन्ही उत्तरेकडे कललेले. नकाशावर नुसता कल बघून दोन्हींतला फरक कळत नाही. वरचा खडक दक्षिणेकडे चढला असेल तर थ्रस्ट, उत्तरेकडे घसरला असेल तर नॉर्मल फॉल्ट. पर्वत रचला जात होता की कोसळत होता, याचं उत्तर त्या एका दिशेत असतं. ती दिशा थिन सेक्शनमध्ये गार्नेट या खनिजाच्या कडेच्या शेपट्या आणि अभ्रकाची तिरपी पानं बघून ठरवतात.

मी हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात, करछमजवळ ते सात नमुने घेतले. प्रत्येकावर लिनिएशनच्या, म्हणजे खडकातली खनिजं ज्या दिशेने ताणलेली असतात त्या रेषेत उत्तरेचा बाण काढला आणि पिशवीत टाकला. वरची बाजू लिहायची हे सुचलंच नाही. मी बेसॉल्टच्या मुलखात वाढलो. सह्याद्रीत लाव्हाचे थर आडवे पडलेले, वरचं ते वर, खालचं ते खाली. कुणी विचारतही नाही. शिस्ट या पानापानांच्या खडकाच्या पाटीला मात्र दोन्ही तोंडं सारखीच. लॅबमध्ये ती उत्तर-दक्षिण रेषेभोवती पालथी झाली तरी बाण उत्तरेकडेच राहतो, पण काप आता पलीकडच्या बाजूने दिसतो, आणि दक्षिणेकडे गेलेला खडक उत्तरेकडे गेलेला दिसतो. स्लाइड मायक्रोस्कोपखाली गोल फिरवली तर सरकण्याची दिशा बदलत नाही. पालथी केली की बदलते. हे कागदावर स्वतः काढून बघा. मी सांगतोय म्हणून मानू नका.

चूक लवकर सापडलीही नाही, कारण करछमजवळ नॉर्मल फॉल्ट असल्याचं काही संशोधकांनी खरोखरच नोंदवलेलं आहे. माझं चुकीचं उत्तर त्यात चपखल बसलं. मी दोन महिने त्यावर आकृत्या काढत राहिलो. मग एकाच उघड्या खडकावरून घेतलेल्या दोन स्लाइडनी विरुद्ध दिशा दाखवल्या. माझ्या गाइड सरांनी स्लाइडकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, “माथा कुठला होता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा हातोडा उचलण्याआधी दगड जागेवर असतानाच फोलिएशनच्या (खडकातल्या पानांच्या) पृष्ठावर ब्रंटन, म्हणजे भूवैज्ञानिकांचा कंपास, ठेवून आडवी रेघ मारा, कलाकडे छोटी खूण करा, अंश लिहा. खूण वरच्या तोंडावर आहे की खालच्या, हे शब्दांत लिहा. फोटो काढा. मग फोडा. काप लिनिएशनला समांतर आणि फोलिएशनला काटकोनात घ्या, आणि उत्तर व माथा या दोन्ही खुणा काचेवर उतरवून घ्या.

‘वेळ नाही, मोबाइलच्या ॲपने भागवू’ म्हणणारे सोबती भेटतील. ॲप वाईट नाही, पण दगडावर काही लिहिलेलं नसेल तर ॲपमधले आकडे कुठल्या तुकड्याचे हे तुम्हाला सहा महिन्यांनी सांगता येणार नाही. आणि गाइड निवडताना प्रबंधांची यादी बघण्यापेक्षा ते विद्यार्थ्यांबरोबर फील्डवर किती तास उभे राहतात, हे सीनियरना विचारा. माझं हे मत पक्कं आहे.

घाबरू मात्र नका. एका फील्डचे नमुने वाया गेले म्हणून पीएचडी बुडत नाही. माझी बुडाली नाही.

पुढे जुन्या पट्ट्यांकडे वळलात तर हीच सवय जास्त कामी येईल. पश्चिम नॉर्वेतल्या कॅलेडोनियन पर्वताची उंची कधीच गेली. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी तिथे आग्नेयेकडे चढलेले खडक पुढे उलट, पश्चिमेकडे घसरले. एकाच पट्ट्यात दोन्ही दिशा, आणि तो मूळ पर्वत बघायला शिल्लक नाही, फक्त खडकातली वीण.

पुढच्या वर्षी मी करछमला परत गेलो. सात जागांपैकी पाच सापडल्या, दोन रस्ता रुंदीकरणात गेल्या होत्या. पाचही नमुन्यांत वरचा खडक दक्षिणेकडे गेलेला निघाला. जाताना दोन मार्कर घ्या, एक पांढरा. गडद अभ्रकावर काळी शाई उठून दिसत नाही.