तिकीट काढताना 'सॅफसाठी पैसे द्या' असं आलं तर टिक करायच्या आधी काय बघायचं

विमानाचं तिकीट बुक करताना हल्ली काही कंपन्या पेमेंटच्या आधी विचारतात, थोडे पैसे जास्त भरा, आम्ही तुमच्या वाट्याचं सॅफ म्हणजे शाश्वत विमान इंधन घेऊ. चांगलंय, पण लगेच टिक नका करू.

सॅफ जाळलं तरी इंजिनातून कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच निघतो. फरक एवढाच की तो कार्बन जमिनीखालून उपसलेला नसतो, तळणाचं वापरलेलं तेल, प्राण्यांची चरबी, शेतातला काडीकचरा असल्या गोष्टींतून आलेला असतो. म्हणून कच्चा माल कुठला हे पहिलं शोधा. वापरलेलं तेल असेल तर इंधन बनवण्यापासून जाळण्यापर्यंतचा सगळा हिशोब धरून साध्या इंधनापेक्षा उत्सर्जनात 80 टक्क्यांपर्यंत घट होते, पण जंगल तोडून लावलेल्या पामचं तेल असेल तर कसली घट आणि कसलं काय.

मग आकडा तपासा, साधं गणित आहे. एक लिटर चांगल्या सॅफने फार तर अडीच किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो, म्हणजे एक टन वाचवतो म्हणणाऱ्याला साधारण 400 लिटर घ्यावं लागणार, त्यात सॅफ साध्या इंधनाच्या दुप्पट ते पाचपट महाग, तर एवढा सगळा फरक चिल्लरीत भागत असेल तर समजून जा, सॅफ नावालाच असेल आणि बाकी झाडं लावायचा ऑफसेट, म्हणजे आपला धूर तसाच ठेवून दुसरीकडे कुठेतरी केलेली भरपाई.

तुमच्याच विमानात ते भरतील असंही नाही हां. इंधन एका विमानतळावर भरलं जातं आणि त्याचं श्रेय कागदोपत्री दुसऱ्याला मिळतं. यात गैर काही नाही, फक्त तेच लिटर दोघांना विकलेलं नसावं. आणि युरोपियन युनियनमध्ये 2025 पासून पुरवठादारांना 2 टक्के सॅफ मिसळणं कायद्यानेच सक्तीचं आहे, त्यामुळे तुमच्या पैशाचं सॅफ त्या कोट्याच्या वरचं आहे का हे मेल करून सरळ विचारा. गोलगोल उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.

तसंही जगातल्या एकूण विमान इंधनात सॅफ अजून एक टक्काही नाही, त्यामुळे आपल्या हातातलं आधी करा. जवळचं अंतर ट्रेनने जा, विमानच लागलं तर डायरेक्ट फ्लाइट घ्या कारण टेकऑफ आणि वर चढतानाच इंधन जास्त जातं, आणि इकॉनॉमीत बसा, लांबच्या प्रवासात बिझनेसची सीट जागा एवढी खाते की तिच्या वाट्याला सुमारे तिप्पट उत्सर्जन येतं. बॅग हलकी ठेवा म्हणतात तेही ठीक, पण यापुढे ते किरकोळच.