वीस जणांसाठी अळूवडी, आदल्या रात्रीच

घरी पाहुणे बोलावले की मी बटाटेवडे करत नाही. बाहेर गप्पा रंगलेल्या असतात आणि आपण कढईपाशी, कोपरापर्यंत पिठात! अळूवडीचं तसं नाही. आदल्या रात्री पीठ लावून गुंडाळलेल्या पानांचे उंडे उकडून फ्रिजमध्ये टाकायचे, दुसऱ्या दिवशी कापून परतायचे.

पहिल्यांदा केली तेव्हा मात्र फजिती झाली होती. नवऱ्याच्या ऑफिसमधली मंडळी आली होती. पहिला घास घेतला आणि एकेक जण खाकरायला लागला. मी भाजीचा अळू आणला होता, वर चिंचही हात राखून घातलेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी माझ्याबरोबर मंडईत आल्या.

वडीच्या अळूचा देठ काळपट-जांभळा, पान जाड आणि गडद. हिरव्या देठाचं मऊ पान फतफत्याचं, म्हणजे अळूच्या पातळ भाजीचं. ओळखता येत नसेल तर भाजीवालीला सरळ 'वडीचा अळू' म्हणून मागा. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून चिंचेत कंजुषी नको, उकडण्यात घाई नको, आणि देठ कापताना हाताला तेल लावा.

माणशी तीन धरल्या तर साठ वड्या, म्हणजे चार उंडे, म्हणजे वीस पानं. त्याला चार वाट्या बेसन, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन मोठ्या लिंबांएवढी चिंच, पाऊण वाटी गूळ, चार चमचे तिखट, दोन चमचे गोडा मसाला, मूठभर तीळ, हळद, हिंग, मीठ. चिंचेच्या दाट कोळात गूळ विरघळवा आणि त्यातच पीठ कालवा. पाणी लागलंच तर चमच्याचमच्याने. पान उभं धरलं तरी ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. बोटावर घेऊन चाखा: जरा जास्तच आंबट-तिखट लागायला हवं, पानात गेल्यावर ते बरोबर होतं.

पानं धुऊन पुसून उलटी ठेवा. मधली शीर सुरीने तासा, मग वरून लाटणं फिरवा, नाहीतर गुंडाळताना पान तडकतं. सगळ्यात मोठं पान खाली, शिरांची बाजू वर. पीठ हातानेच लावा, खालचा हिरवा रंग थोडा दिसत राहील इतकं पातळ. जाड थापलं की वडी गच्च होते आणि खाणाऱ्याला नुसतं बेसन लागतं. दुसऱ्या पानाचं टोक पहिल्याच्या उलट दिशेला. अशी पाच पानं झाली की दोन्ही कडा आत दुमडा, दुमडीवरही पीठ लावा आणि घट्ट गुंडाळत या. इथे सैल सोडलं तर तव्यावर वडी उलगडते.

चाळणीला तेल लावून उंडे उकळत्या पाण्यावर पंचवीस मिनिटं उकडा. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली की झालं. गरम असताना कापायचा मोह होतो, कापू नका. गार झाले की झाकून फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या इंचाच्या वड्या कापा. धारदार सुरी घ्या आणि दर दोन-तीन कापांनंतर ती पुसा. कढईत तळल्या तर तेल पितात, म्हणून मी पसरट तव्यावर, मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंनी तांबूस करते. पाहुणे आल्याचा फोन आला की पहिला घाणा. परतलेल्या वड्या डब्यात भरून झाकण लावाल तर दहा मिनिटांत मऊ पडतील, त्या जाळीवरच ठेवा. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. मुलं टोमॅटो सॉस मागतील, द्या, वाद घालू नका.

उंड्यांची वेडीवाकडी टोकं ताटात जात नाहीत. तीच सगळ्यात कुरकुरीत होतात आणि आमच्याकडे ती परतणाऱ्याची.