चिखलणीत मिनी ट्रॅक्टरची पुढची चाकं ओढत नसतील तर

लिव्हर फोर-व्हीलवर आहे, मागची चाकं खाचरात रुततायत आणि पुढची नुसती फरफटतायत? लगेच पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) खोलायला घेऊ नका. बिघाड बहुधा त्याच्या आधीच असतो.

गाडी सपाट जांभ्यावर घ्या. इंजिन बंद, चावी काढलेली, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. गिअर आणि फोर-व्हील टाकून पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचला, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावा. एकाने पुढचं एक चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने पलीकडचं फिरवायचं. फिरलंच नाही तर जोडणी शाबूत आहे. मग टायरची झीज आणि हवा बघा. फिरलं, तर पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा पोटाखालचा शाफ्ट पाहा. शाफ्टही फिरतोय म्हणजे दोष मागे: लिव्हरची सळी, फोर्क (गिअर सरकवणारा काटा) किंवा मागचा कपलर (शाफ्ट जोडणारी, आतून दातेरी नळी). शाफ्ट स्थिर असेल तर पुढचा कपलर, नाहीतर अ‍ॅक्सलमधले गिअर.

कपलर बघायला शाफ्टवरचं नळीसारखं कव्हर सरकवा. पिन तुटलेली किंवा सर्क्लिप (अडकवायची स्प्रिंगची कडी) निसटलेली असली की कपलर मागे सरकतो. आतले दाते धारदार, निमुळते झाले असतील तर कपलर बदलाच, वेल्डिंग टिकत नाही. शाफ्टचेही दाते तपासा. खाऱ्या हवेत ते गंजतात, म्हणून बसवताना भरपूर ग्रीस लावा. अ‍ॅक्सलचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सीलसकट बदला.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील काढूनच चालवा. कपलरचे दाते तिथेच जातात.