शिबिर झालं, फोटो निघाले. पेशंट परत आला का? बीपी-शुगरच्या प्रकल्पात या चुका टाळा

आमची पहिली मोठी तपासणी एका मासेमारी बंदरावर झाली, ऑक्टोबरात. ऑक्टोबर का? तर निधी सप्टेंबरात आला म्हणून. मंडप होता, यंत्रं होती, चहा-बिस्किटं होती. रांगेत म्हाताऱ्या होत्या आणि शाळा सुटल्यावर बिस्किटांच्या वासानं आलेली पोरं. तिशीच्या पुढचे बापये सगळे समुद्रात. संध्याकाळी एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, आईनं विचारलं, "जूनात खंय (कुठे) होतात?"

तिचं बरोबर होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या असतात आणि खलाशी जाळी विणत घरीच असतो. बंदरपट्टीची तपासणी तेव्हाच ठेवायची. पण हेच वेळापत्रक वरच्या वाड्यांना लावलंत तर दुसरी फजिती होते, कारण जुलैत तिथं भाताची लावणी चाललेली असते आणि चिखलातून उठून बीपी मोजायला कोणी येत नाही. त्यांच्यासाठी गणपती गेल्यावर भातकापणीच्या आधीचे दिवस किंवा पौष-माघ बरा. आचऱ्यासारख्या गावात तर गावपळण (सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातं ती प्रथा) कधी आहे तेही विचारून ठेवा, नाहीतर तीन दिवस रिकाम्या गावात बीपीचा पट्टा घेऊन बसाल. एकाच तालुक्याची दोन वेळापत्रकं करावी लागतात आणि वरच्या ऑफिसला ते पटवणं हे समन्वयकाचंच काम.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

मे महिन्यात एका आशाताईंचा घाबरून फोन आला. "सर, अख्ख्या वाडीला शुगर निघालीय." जाऊन बघतो तर अंगणात साठं (आंबापोळी) घालायचं काम चाललेलं. बायका हात कोपरापर्यंत आंब्याच्या रसात, मधेच उठून पदराला हात पुसून बोट पुढे करत होत्या. ताईंनी नियमाप्रमाणे स्पिरिटचा बोळा फिरवला होता. पण बोटाला चिकटलेली फळाची साखर स्पिरिटनं नीट जात नाही, ती रक्ताच्या थेंबात मिसळते आणि ग्लुकोमीटर तीही मोजतो. सगळ्यांना साबणानं हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं, तेव्हा बहुतेकींची 'शुगर' गेली. ज्या दोघींची राहिली त्यांना केंद्रात पाठवलं. रँडम, म्हणजे जेवणाची वेळ न बघता मोजलेली शुगर, १४०च्या वर आली तर पुढची तपासणी हवीच, पण आधी हात धुवा.

पावसात उलटी अडचण येते. हवेतल्या दमटपणानं ग्लुकोमीटरच्या पट्ट्या खराब होतात आणि आकडे वाटेल तसे येतात. पट्ट्या त्यांच्याच बाटलीत ठेवा, झाकण लगेच लावा, सोयीसाठी प्लॅस्टिकच्या पुडीत काढून घेऊ नका. बाटली फोडल्याची तारीख वर पेनानं लिहा.

बीपीचं पाप वेगळंच. पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढून धापा टाकत आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधायचा, तोही देवळाच्या कट्ट्यावर पाय लोंबकळत बसवून, आणि वर गप्पा मारत. मग १५०-१६० येणार नाही तर काय? पाच मिनिटं टेकून बसू द्या, पाय जमिनीला, हात हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. दोनदा मोजा. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, तो सामानाच्या यादीत कायम राहून जातो. १४०/९०च्या वर आलं तरी एका दिवसावर शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. १८०/११०च्या वर असेल तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आणखी एक. "उद्या उपाशी या" एवढंच सांगितलं की माणूस बीपीची गोळीही न घेता येतो. मग त्याचं बीपी वाढलेलं दिसतं आणि डोस वाढतो. बीपीची गोळी पाण्याबरोबर घेऊन या, शुगरची मात्र खाल्ल्याशिवाय नको, असं सुटं करून सांगा.

फॉर्मवर 'तंबाखू खाता का?' असा प्रश्न असतो. एक आजी मला फटकन म्हणाल्या, "छे, मी खातंय खंय!" ओसरीवर मशेरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची, डबी होती. ती त्यांच्या लेखी खायची वस्तू नव्हे, दात घासायची. तेव्हा मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, असंच विचारा. मिठाचंही तेच. जेवणात मीठ कमी घेतो म्हणणाऱ्याच्या पेजेबरोबर खारं, पापड आणि सुकट असते.

गोळी कुणाची, पेशंट कुणाचा

प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. कागदावर हे साधं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर एक गोळी लिहून देतात, पेशंट गावात परततो आणि उपकेंद्रात ती गोळीच नसते. "पुढच्या मंगळवारी या." पेशंट दोन मंगळवार येतो, तिसऱ्यांदा एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी मोजून घरी बसतो. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात दोन्हीकडच्या साहेबांना एका टेबलाशी बसवा आणि कुठल्या गोळीनं सुरुवात, न उतरल्यास पुढे कुठली, हे एकच ठरवून घ्या. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सिंधुदुर्ग होता. एकच उपचारपद्धती आणि घराजवळ गोळ्या, ही त्याच्या मुख्य सूत्रांपैकी दोन.

गोळ्यांची मागणी गेल्या वर्षीच्या खपावर करू नका. गेल्या वर्षी तुटवडा असेल तर तुम्ही तोच पुन्हा मागवता. नोंदलेले पेशंट मोजा, प्रत्येकाला लागणाऱ्या गोळ्यांनी गुणाकार करा, पावसाआधी जादा साठा आत घ्या.

आशाताईंना नवीन रजिस्टर देऊ नका. एवढंच.

'बेपत्ता' या रकान्यात कोण असतं

अहवालाचा पहिला रकाना 'तपासलेले' असतो आणि सगळ्यांचा जीव त्यातच. मी सांगेन, तो शेवटी टाका. गेल्या तिमाहीत नोंदलेल्यांपैकी या तिमाहीत किती आले आणि त्यांतल्या कितींचं बीपी १४०/९०च्या खाली आहे, हे आधी लिहा. पहिल्यांदा लिहिताना लाज वाटते. आम्हाला वाटली.

मग न आलेल्यांना फोन करा. काही वारलेले असतात आणि वही ते सांगत नाही. काही बरं वाटतं म्हणून गोळी थांबवलेले: "आता बरा वाटता मा, मगे गोळी कित्याक?" त्यांच्याकडे आशाताईच गेल्या पाहिजेत, फोननं ते होत नाही. आणि बरेचसे विरार-डोंबिवलीला मुलाकडे, पावसाळाभर. ते बेपत्ता नसतात, त्यांना गोळ्या मुंबईत मिळत असतात, नाहीतर मिळत नसतात. नोंदणीच्या वेळीच मुलाचा नंबर घ्या आणि निघताना दोन महिन्यांच्या गोळ्या नि चिठ्ठी हातात द्या.

समुद्रात असलेल्या खलाशांनी गोळी कशी घ्यायची, हे कोडं मात्र त्या पहिल्या बंदरावरच्या तांडेलानंच सोडवलं. त्याला स्वतःला बीपी होतं. आठ-दहा दिवसांच्या फेरीला निघताना तो आता सगळ्यांच्या गोळ्या झाकणाच्या बरणीत, नावाच्या चिठ्ठ्या लावून, चुलीशेजारच्या फळीवर ठेवतो. सकाळच्या चहाबरोबर वाटतो. आम्ही त्याला फक्त बरणी दिली.